ओले बूट शेगडीजवळ नकोत!

पावसाळा लागला की आपल्या घराघरांत एकच धांदल उडते. मुले शाळेतून येतात ती पाण्याने भरलेले बूट घेऊन. सकाळी सातला तेच बूट पुन्हा घालायचे असतात. दुसरा जोड आपल्यापैकी किती जणांकडे असतो?

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या हातूनही चूक झाली. धाकट्याचे बूट रात्री गरम शेगडीला टेकवून ठेवले. सकाळी पाहतो तो एकाचा तळ सुटलेला, वरचे रेक्झिन आक्रसलेले! महिनाअखेर होती. मुलगा चपला घालून गेला आणि पहिला तास वर्गाबाहेर उभा राहिला. "बाबा, माझी काय चूक?" त्याने विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

नाक्यावरच्या गटई कामगाराने तळ शिवून देताना सांगितले, "साहेब, तळ सोल्युशनने चिकटवलेला असतो. आच लागली की सुटतो." शिवाय नाडी पेटली तर घरालाच धोका.

मग करावे काय? प्रथम बुटांवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसावा. नाड्या आणि आतले सुकतळे काढून वेगळे वाळत घालावेत. जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून बुटाच्या टोकापर्यंत भरावेत. कागद ओल शोषून घेतो. मात्र तो भिजला की बदलावा, नाहीतर ओल आतच राहते. झोपेपर्यंत दोन-तीनदा बोळे बदलावेत. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांना शाईचे डाग पडतात, त्यात जुने सुती कापड भरावे. नंतर बोळे काढून बूट भिंतीला तिरके टेकवावेत आणि रात्रभर पंख्याचा वारा लागू द्यावा. खरे काम वाराच करतो. सकाळी आत बोटे घालून पाहावे. टोकाकडची ओल सर्वांत शेवटी जाते. चामड्याचे बूट पूर्ण वाळल्यावरच पॉलिश करावे.

माताभगिनींनो, ओल्या बुटांत पाय राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून मुले घरी येताच त्यांचे पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत आणि मोजे रोज धुवावेत. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर अंगावर काढू नये. उंदरांच्या मूत्रामुळे दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तेव्हा तातडीने सरकारी दवाखाना गाठावा.

थोडी रद्दी आणि रात्रीची दहा मिनिटे, एवढाच हा खर्च. बुटांपायी आपले एकही मूल वर्गाबाहेर उभे राहू नये, एवढेच आमचे मागणे आहे.