चिमणीएवढा की कावळ्याएवढा?

मुलुंड पश्चिमेच्या आमच्या घरातील खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडे बोरिवली. गेल्या दिवाळीनंतर खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि सासूबाईंची खुर्ची त्या खिडकीशी आली. वय ८२. वॉकर धरून रोज उभे राहावयाचे होते. पण त्या उठावयास तयार नसत. पुढे बोलणेही मंदावले. त्याच दिवसांत कपाटात डॉ. सलीम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ सापडले.

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हे पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. एअरगनने पाडलेली, पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती हे विचारण्यासाठी शाळकरी सलीम १९०८ मध्ये याच संस्थेत गेला होता. शास्त्रज्ञ झाल्यावरही त्या अजाण मुलाला ते विसरले नसावेत, असे पुस्तक वाचताना वाटते. पक्षी केवढा, हे येथे चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशा ओळखीच्या पक्ष्यांच्या मापाने सांगितले आहे. त्याहून थोडा मोठा किंवा थोडा लहान, एवढेच. पुढे पुष्कळ शास्त्रीय नावे बदलली, सुबक छायाचित्रांची पुस्तके आली, तरी हे माप जुने झालेले नाही. अधू दृष्टीच्या माणसालाही ते वापरता येते, कारण त्याचा निम्मा भार आठवणीवर असतो.

जानेवारीत एका सकाळी मी वाचू लागले : कावळ्याच्या मापाचा, काळा, पंख तांबूस तपकिरी...

“अगं, भारद्वाज तो! त्याला पुस्तक कशाला हवं?” आई म्हणाल्या. मग माहेरच्या परसातली बांबूची जाळी, तेथून येणारा त्याचा घुमणारा आवाज, तो दिसला की शुभ मानणारी आजी, असे बराच वेळ चालले. इतके सलग त्या कित्येक आठवड्यांत बोलल्या नव्हत्या.

फेब्रुवारीत तांबटाची टुक्‌टुक सुरू झाली. चिमणीहून जरासा मोठा, हिरवा पक्षी. पिंपळाच्या शेंड्यावर बसलेला. खुर्चीतून तो दिसेना. आईंनी वॉकर ओढून घेतला. पहिल्या दिवशी अर्धा मिनिट उभ्या राहिल्या, आठवड्याने गॅलरीच्या दारापर्यंत आल्या. व्यायाम फिजिओथेरपिस्टनी सांगितलेलेच होते. उठण्याला निमित्त तांबटाचे मिळाले.

घरी असे करावयाचे असल्यास सकाळची वेळ उत्तम. दुर्बिणीचा हट्ट नको. थरथरत्या हातांना तिचे वजन पेलत नाही. उभे राहताना सोबतीला कोणी तरी हवेच. आणि खिडकीत दाणे टाकू नयेत. त्यावर कबुतरे जमतात आणि त्यांच्या विष्ठेच्या व पिसांच्या धुळीने ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस’ हा फुप्फुसांचा विकार जडू शकतो. दमेकऱ्यांनी तर विशेष जपावे. आईंना हे अद्याप पटलेले नाही. तांदळाचा डबा मी सध्या वरच्या फळीवर ठेवते.