लाल दिवा नसलेली गाडी आणि तिचं ऑइल

मागच्या भागानंतर पाचोऱ्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. प्रश्न साधा होता. स्प्लेंडरचं ऑइल चार महिन्यांपूर्वी बदललंय, रोज भडगाव अप-डाऊन आहे, मग मधे परत बघायची गरज आहे का?

आहे ना भाऊ. कारमध्ये ऑइलचा दाब घसरला की लाल दिवा लागतो. स्प्लेंडरसारख्या ९७.२ सीसीच्या गाडीला तो दिवाच नाही. आत ऑइल लिटरभराच्या आसपास, त्यातलं पाव लिटर जळालं तरी गाडी पहिल्यासारखीच पळते. वर हेडमधल्या कॅमशाफ्टला ऑइल सगळ्यात शेवटी पोचतं, म्हणून उपासमारही तिथूनच सुरू होते. टकटक ऐकू येईपर्यंत तो घासलेला असतो. मग हेडचं काम निघतं, आणि तो खर्च ऑइलच्या कितीतरी बाटल्यांचा.

त्यात आपल्याकडचा मे महिना. पारा ४५ च्या पुढे, आणि इंजिन थंड होतं फक्त वाऱ्यावर. रेल्वे फाटकापाशी गाडी चालू ठेवून उभे राहिलात की तो वाराही बंद. म्हणून दर पंधरा दिवसांनी दांडी बघा. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवा, बंद करा, तितकाच वेळ थांबा. डबल स्टँडवर घ्या. साइड स्टँडवर लेव्हल चुकीची दिसते. दांडी पुसून परत आत टाका, पण स्प्लेंडरमध्ये ती आटे फिरवून बसवायची नाही, नुसती टेकवायची. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. पल्सर किंवा बुलेटला काचेची खिडकी असते, तिथं काम अजून सोपं.

कमी दिसलं तर टॉप-अप करा. मात्र टॉप-अपनं लेव्हल भरते, जुनं ऑइल नवं होत नाही. किलोमीटर भरले की पूर्ण बदलायचंच. आकडा गाडीच्या पुस्तिकेतला धरा, शेजाऱ्याचा नको. आणि ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं असंही नाही; काजळी आणि कचरा पोटात घेणं हे त्याचं कामच आहे.

आता खरी गफलत होते ती इथं. घरात ट्रॅक्टरचा किंवा कारचा कॅन असतो, "ऑइल ते ऑइल" म्हणून तेच ओततात. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि क्लच प्लेट तर घर्षणावरच चालते. मग रेस वाढते, गाडी ओढत नाही. म्हणून बाटलीवर 'जासो एमए' बघा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०. उन्हाळा आहे म्हणून मनानं जाड २०डब्ल्यू-५० टाकू नका.

बदलताना इंजिन कोमट असू द्या, उकळतं नको. सतराच्या पान्यानं खालचा बोल्ट काढा, वरची दांडीही काढा, म्हणजे ऑइल पटकन उतरतं. बोल्ट परत लावताना आधी हातानं आटे धरवा, वॉशर चेपलेला असेल तर नवा टाका, मग बेतानं आवळा. पाइप लावून ताकद दाखवाल तर ॲल्युमिनियमचे आटे जातील. पुस्तिकेत ऑइलचे दोन आकडे असतात: एक नुसतं बदलताना, दुसरा इंजिन उघडल्यावर. आपल्याला पहिला. पूर्ण बाटली संपवायचीच असा हट्ट नको. जास्त झालं तर धूर आणि गळती.

काढलेलं ऑइल वाळवीसाठी दाराच्या चौकटीला फासतात, तेही उघड्या हातानं. कातडीला ते वाईट, हातमोजे घाला. आणि हिवऱ्यात तर अजिबात ओतू नका. रिकाम्या बाटलीत भरून गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये द्या, तिथून ते भंगारवाला नेतो.