उंची कमी, गाडी मोठी: क्रूझर घेताना काय बघावं

मागच्या महिन्यात आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. आमच्याकडेच दहावीपर्यंत गणित शिकली, आता चिपळुणात एका औषधांच्या दुकानात कामाला आहे. सलाम-दुआ झाली आणि तिने थेट विचारलं, "सर, मला क्रूझर घ्यायची आहे. माझी उंची पाच फूट एक इंच. भाऊ म्हणतो, स्कूटी घे आणि गप बस. तुम्ही सांगा, जमेल का?"

आम्हालाच का विचारलं, हे आम्हाला ठाऊक आहे. कुंभार्ली घाटात आम्ही बेगमसकट गाडी पाडली होती, ही गोष्ट आमच्या मोहल्ल्यात लहान मुलांनाही माहीत आहे.

आमची स्वतःची उंची पाच फूट चार इंच. काही वर्षांपूर्वी आम्ही एक उंच सीटची जुनी गाडी हौसेने घेतली. सरळ रस्त्यावर काही त्रास नव्हता. ईदनंतर कराडहून, म्हणजे सासुरवाडीहून परत येताना घाटात पाणी प्यायला थांबलो. निघताना कडेच्या कच्च्या जागेत गाडी वळवायला घेतली. हँडल पूर्ण उजवीकडे, क्लच जरा लवकर सुटला, इंजिन बंद पडलं आणि गाडी कलली. उजवा पाय टेकवायला गेलो तर तिथे पावसाने खणलेली चर. पाय हवेत. गाडी आडवी झाली आणि बेगमची पोटरी तापलेल्या सायलेन्सरला लागली. भाजल्याचा डाग आजही आहे. त्या काही बोलत नाहीत, पण गाडीवर बसण्याआधी आजही एकदा जमीन बघून घेतात.

चूक गाडीची नव्हती, आमच्या हिशेबाची होती. आम्ही फक्त 'बसल्यावर पाय पोचतात ना' एवढंच बघितलं होतं, तेही शोरूमसारख्या गुळगुळीत फरशीवर. म्हणून त्या मुलीला जे सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी स्वतःचं माप घ्या. गाडीसाठी डोक्यापर्यंतची उंची फारशी कामाची नाही, पायांची आतली लांबी लागते. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये सायकलच्या सीटसारखं वर दाबून धरा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. आमचं माप ७४ सेंटिमीटर भरलं. सारख्याच उंचीच्या दोन माणसांत या मापात तीन-चार सेंटिमीटरचा फरक सहज निघतो. त्यामुळे 'माझा मित्र माझ्याएवढाच आहे, त्याला जमते' या बोलण्यावर जाऊ नका.

आता गाडीची सीट. कंपन्या ती मिलिमीटरमध्ये देतात. रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घेतली तर सीट ८०५ मिलिमीटरवर. त्याच कंपनीची, त्याच ताकदीची मिटिऑर ३५० ही क्रूझर ७६५ वर. मोठी सुपर मिटिऑर ६५० तर ७४० वर. बजाजची ॲव्हेंजर त्याहून खाली, ७३७. म्हणजे इंजिन मोठं झालं की सीट उंच होते, हा समजच चुकीचा. क्रूझरची घडणच अशी असते की सीट खाली, हँडल मागे ओढलेलं आणि फूटरेस्ट पुढे. कमी उंचीच्या माणसाला मोठी गाडी चालवायची असेल तर क्रूझर हा बहुतेक वेळा सगळ्यात सोपा रस्ता आहे. आमच्या विद्यार्थिनीच्या भावाला हे पटत नाही, कारण त्याच्या डोळ्यापुढे 'मोठी गाडी म्हणजे उंच गाडी' हेच चित्र आहे.

पण या आकड्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नका. पाय सीटच्या मधून सरळ खाली जात नाही. आधी सीटच्या कडेवरून बाहेर जातो, मग खाली येतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर तिथेच दोन-तीन सेंटिमीटर खर्च होतात. क्रूझरच्या सीटा गादीसारख्या रुंद असतात, त्यामुळे हा खर्च इथे जास्त. दुसऱ्या बाजूने थोडी कमाईही होते. तुम्ही बसलात की शॉकअप दबतो आणि गाडी जरा खाली येते, शिवाय बुटाचा तळवा दोन-तीन सेंटिमीटरचा असतो. तेव्हा कागदावरचा हिशेब फक्त कुठल्या गाड्या बघायला जायचं तेवढं ठरवण्यापुरता. बसून बघा, आणि चपला घालून बघायला जाऊ नका. रोज जे बूट घालणार तेच घालून जा.

दोन्ही टाचा पूर्ण टेकल्याच पाहिजेत का? आमच्या मते नाही. दोन्ही पायांचे चवडे नीट बसले किंवा एक पाय पूर्ण टेकला तरी पुरतं. सिग्नलला थांबताना तसंही डावा पाय खाली आणि उजवा मागच्या ब्रेकवर हवा. फक्त एक लक्षात ठेवा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि रस्ता कडेला डावीकडे उतरतो, म्हणजे डाव्या पायाला जमीन आणखी खाली लागते. उंची कमी असलेल्याने अगदी कडेला चिकटून थांबू नये, दोन हात आत थांबावं. थांबण्याआधी पाय कुठे पडणार ते बघून घ्यायची सवय लावावी. हे आम्ही फार उशिरा शिकलो.

आता मुख्य गोष्ट, जी लोक विचारतच नाहीत. वजन.

स्प्लेंडरचं वजन ११२ किलो. ॲव्हेंजर २२० क्रूझ १६३, मिटिऑर ३५० १९१ आणि सुपर मिटिऑर ६५० तब्बल २४१ किलो. म्हणजे ७४० ची खालची सीट बघून आपण खूश होतो, पण खाली बसलोय ते दोन स्प्लेंडर एकत्र बांधल्यासारख्या वजनावर. गाडी उभी सरळ असते तोवर हे वजन जाणवत नाही. वर्गात आम्ही मुलांना फूटपट्टी बोटावर उभी धरायला लावतो. सरळ आहे तोवर एका बोटावर राहते, जरा कलली की सांभाळायला हात जोरात पळवावा लागतो. गाडीचं तसंच आहे. पहिल्या चार-पाच अंशांत धरली तर धरली, त्यापुढे गेली की चांगल्या ताकदवान माणसालाही आवरत नाही. पाय पूर्ण टेकणाऱ्याला ती सुरुवातीलाच धरता येते, चवड्यावर असलेल्याला थोडा उशीर होतो. कमी उंचीचा खरा तोटा एवढाच आहे, आणि वजन जितकं जास्त तितका तो महाग पडतो.

आपल्याकडे लायसन्सही मदतीला येत नाही. गिअरच्या दुचाकीचं जे लायसन्स स्प्लेंडरवर काढलं, तेच ६५० सीसीला चालतं. तुम्हाला २४१ किलो झेपतं का, हे कोणी तपासत नाही. ते आपणच तपासायचं.

कसं तपासायचं? टेस्ट राइडवर लोक वेग बघतात. वेग कोणालाही जमतो. तुम्ही गाडी बंद करा, न्यूट्रलला टाका आणि सीटवर बसून पायाने मागे ढकलून बघा. मग खाली उतरून, हँडल धरून, थोड्या चढावर मागे घेऊन बघा. आमच्या कोकणात हेच खरं पेपर तपासणं आहे. घर पाखाडीवर, दारात उतार, पावसाळ्यात लाल चिखल. सकाळी शाळेच्या घाईत गाडी उताराकडे तोंड करून लावलेली असेल आणि ती चढावर मागे ओढायची असेल, तर त्या वेळी सीटची उंची काही कामाची नाही. शक्य असेल तर शोरूमवाल्याला सांगून टेस्ट राइड आपल्या घरापर्यंत न्या. आम्ही नेली होती. तो मुलगा आधी कुरकुरला, मग अम्मींच्या हातचा चहा पिऊन गेला.

उपायही आहे म्हणा. गाडी लावतानाच तोंड चढाकडे करून लावा, म्हणजे निघताना ती उताराने आपोआप मागे येते, तुम्ही फक्त पुढच्या ब्रेकवर सांभाळायची. गिअरमध्ये ठेवून लावा, म्हणजे स्टँडवरून सरकत नाही.

हातांचाही विचार करा. क्रूझरचं हँडल रुंद असतं. सरळ चालताना बसायला राजेशाही वाटतं, पण पूर्ण वळवलं की बाहेरचा हात लांब ताणला जातो. कमी उंचीच्या माणसाचा हातही बहुधा आखूड असतो, मग तो पुढे झुकतो आणि क्लचवरचा ताबा सुटतो. आमचं घाटात नेमकं हेच झालं. म्हणून शोरूममध्ये बसून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा आणि तशा अवस्थेत क्लच-ब्रेक नीट दाबता येतात का ते बघा. फूटरेस्ट फार पुढे असेल तर पाय सरळ ताणून बसावं लागतं आणि खड्ड्याचा सगळा दणका कमरेला जातो, हेही बघून घ्या.

हळू गाडी वळवण्याचा सराव तर वेगळाच विषय. रिकाम्या मैदानात जा. क्लच अर्धा धरा, थोडा ॲक्सिलरेटर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका, आणि नजर जिकडे जायचं तिकडे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबू नका, गाडी तिथेच बसते. आठवडाभर रोज अर्धा तास हे केलं की उंचीची निम्मी भीती जाते. आम्ही शाळेच्या पटांगणात रविवारी हे करत होतो. शिपाईमामा बघून हसायचे. हसू दे.

सीटचा फोम कापून घेणं किंवा गाडी खाली करून घेणं, हे मेकॅनिक लगेच सुचवतात. फोम थोडा, तोही कडेचा कमी करून घ्यायला हरकत नाही, मधला कापला तर लांबच्या प्रवासात पस्तावाल. गाडीच खाली करून घेताना मात्र दहादा विचार करा. जमिनीपासूनचं अंतर कमी होतं. सुपर मिटिऑरचं ते मुळातच १३५ मिलिमीटर आहे, मिटिऑर ३५० चं १७०. आपल्या गावातले स्पीडब्रेकर कुठल्या मापाने बांधतात ते अल्लाहलाच ठाऊक. मागे माणूस बसला की पोट घासणार. शिवाय गाडी खाली आली की साइड स्टँड तेवढाच लांब राहतो, गाडी जास्त सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने दुसऱ्या बाजूला पडते. तो स्टँडही कापून घ्यावा लागतो, हे मेकॅनिक आधी सांगत नाही.

गाडी पडलीच तर कंबर वाकवून उचलू नका. आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. पाठ सीटला टेकवून उकिडवे बसा, एक हात हँडलला, दुसरा मागच्या हँडलला किंवा फ्रेमला, आणि पायांच्या जोरावर छोटी पावलं टाकत मागे रेटा. आमच्यापेक्षा बारीक माणसांना असं उचलताना आम्ही पाहिलं आहे. घाटात आम्हाला हे माहीत नव्हतं, एका टेम्पोवाल्याने उतरून मदत केली.

मागे बसणाऱ्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्या घरांत गाडी एकट्याची नसते. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय खाली, पुढचा ब्रेक दाबलेला, आणि 'बसा' म्हटल्यावरच मागच्याने चढायचं. उतरतानाही तसंच, सांगून. अचानक एका बाजूने वजन आलं की चवड्यावर उभ्या माणसाची गाडी गेलीच. अवघड वळण किंवा कच्ची जागा असेल तर मागच्याला आधी उतरवा, यात लाज कसली? आता आमच्या बेगम स्वतःच म्हणतात, "अहो, मी उतरते, मग वळवा."

बुरखा, ओढणी, साडी असेल तर मागच्या चाकाची जाळी काढू नका. मोटार वाहन नियमांत, नियम १२३ मध्ये, मागच्याचे कपडे अडकू नयेत म्हणून चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण आणि धरायला हँडल सक्तीचं आहे. पोरं गाडी 'साफ' दिसावी म्हणून शोरूममधून निघतानाच ती जाळी काढून टाकतात. क्रूझरला मागचा टायर रुंद आणि मडगार्ड आखूड असेल तर कपडा आणखी जवळ येतो. बुरख्याचा घेर मांडीखाली दाबून बसायचं. हेल्मेट घेताना रोजचा स्कार्फ बांधूनच मापाला घालून बघा, आणि डोक्यावरच्या पिना काढून, कारण पडल्यावर त्याच आत टोचतात. दोघांनाही हेल्मेट, आयएसआयचं.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के झाला. मिटिऑर ३४९ सीसीची आहे, ती अलीकडे राहते, ६५० पलीकडे जाते. भिशीच्या पैशातून गाडी घेणाऱ्याला हा फरक छोटा नाही.

आमच्या विद्यार्थिनीने वहीत स्वतःचं माप लिहून पाठवलं, ७० सेंटिमीटर. मग रविवारी भावाला घेऊन शोरूमला गेली. ६५० वर बसली तेव्हा तिचे चवडे नीट टेकले, भाऊसुद्धा गप्प झाला. पण शोरूमच्या रॅम्पवर ती गाडी तिला इंचभरही मागे नेता आली नाही. मिटिऑर ३५० दमछाक होऊन गेली. मग ॲव्हेंजर बघितली, ती एका दमात मागे आली, पण तिला तिचं रूप आवडलं नाही. आता मिटिऑरची टेस्ट राइड तिच्या घरच्या उतारावर शुक्रवारी आहे, पाऊस नसला तर. आम्हाला बोलावलंय, आणि बेगमलाही.