जुन्या विमानाचे मोल

धान्याच्या पेढीवर आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यांनी विमानाच्या किमतीविषयी लिहावे, याचे कित्येक सभासद बंधूंस नवल वाटेल. परंतु वापरलेल्या मालाचे मोल ठरविताना मुंबईच्या विमानतळावर काय घडले, ते व्यापाऱ्याने पाहण्यासारखे आहे.

विजय मल्ल्या यांच्या वापरातील एअरबस ए ३१९ जातीचे विमान सेवाकराच्या थकबाकीपोटी २०१३ साली जप्त झाले. २०१६ साली लिलाव पुकारला, तेव्हा राखीव किंमत १५२ कोटी रुपये होती. बोली आली अवघी १ कोटी ९ लाखांची!

पुष्कळांनी हे हसण्यावारी नेले. आम्हांस मात्र त्यात हिशेब दिसतो. जुन्या विमानाचा भाव वयापेक्षा उड्डाणाच्या तासांवर अधिक ठरतो. सेस्ना १७२ हे लहान विमान घ्या. त्यात पुष्कळदा असणाऱ्या लायकमिंग इंजिनाची संपूर्ण दुरुस्ती साधारणतः २००० तासांनी करावयाची असते. एकाचे इंजिन ३०० तास चाललेले आणि दुसऱ्याचे १९०० तास, तर दुसऱ्याचा ग्राहक दुरुस्तीचा खर्च आधीच वजा करून बोलतो. त्याहून महत्त्वाची दुरुस्तीची नोंदवही. प्रत्येक तपासणी, बदललेला प्रत्येक भाग, त्याखाली जबाबदार कारागिराची सही. ही वही गहाळ झाली, की उत्तम विमानाचाही भाव कोसळतो. रोजकीर्द दाखविता न येणाऱ्या पेढीस आपण तरी पत देतो काय? उंची गालिचे आणि शय्यागृहे यांवर मालकाने किती ओतले, हे मात्र घेणारा विचारीतही नाही.

जुना तांदूळ वखारीत राहून भाव खातो. विमानाचे तसे नव्हे. ते उडाले नाही, की दमट हवेत गंज धरतो, रबरी भाग वाळतात, तपासण्यांच्या मुदती टळतात आणि जागेचे भाडे चढत राहते. विमानतळाच्या चालकांनी तर जागा अडल्याची तक्रार न्यायालयात नेली होती.

पुढील लिलावही फसले. अखेर २०१८ साली फ्लोरिडातील एका कंपनीने ते सुमारे ३४ कोटी ८० लाख रुपयांस घेतले, म्हणजे पहिल्या राखीव किमतीच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. आमच्या मते १५२ कोटींचा आकडा चालत्या विमानाचा होता. विकावयाचे होते ते वर्षानुवर्षे उभे राहिलेले.