थंडीत पिकणारे द्राक्ष

द्राक्ष हे उन्हाचे फळ, अशी आपली समजूत असते व ती बव्हंशी खरी आहे. परंतु ज्या द्राक्षापासून फ्रान्समधील बर्गंडी प्रांताची तांबडी वाइन होते, ते ‘पिनो न्वार’ मात्र थंड हवेत खुलते. मद्याची भलामण करावी हा येथे हेतू नाही. हवा, जमीन आणि कुटुंब यांचा मेळ एका पिकात कसा बसतो, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

या द्राक्षाचा घड लहान व गच्च, साल पातळ. रस जवळजवळ रंगहीन असतो. रंग येतो तो सालीतून. हवा फार उष्ण असली की फळात साखर झपाट्याने चढते, आंबटपणा उतरतो, आणि सुगंध पुरता भरण्यापूर्वीच तोडणी करावी लागते. थंड हवेत हे सारे सावकाश व बरोबरीने होते. सुगरण मंद आचेवर पदार्थ शिजवते, तसेच हे.

मात्र हीच थंडी वैरीणही ठरते. हा वेल वसंतात लवकर फुटतो आणि एका रात्रीच्या हिमाने कोवळे कोंब करपतात. निफाडकडे कडाक्याच्या थंडीत बागेत शेकोट्या पेटवतात, त्याप्रमाणे २०२१ च्या एप्रिलात बर्गंडीतील कुटुंबांनी वेलींच्या रांगांतून रात्रभर मेणाचे मोठे दिवे जाळले. तरीही पुष्कळ पीक गेले.

आता जमिनीकडे वळू. क्लो द वूजो हा मळा मठातील साधूंनी लावला आणि त्याला भिंत घातली. राज्यक्रांतीत तो मठाकडून गेला, तरी १८८९ पर्यंत एकसंध होता. पुढे विक्री आणि वाटण्या होत होत त्या सुमारे सव्वाशे एकरांचे आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. १८०४ च्या कायद्याने सर्व मुलांना समान वाटा दिला. त्यामुळे कोणाच्या वाट्याला वेलींच्या काही रांगाच येतात. आपल्याकडील बांधांची गोष्ट आठवावी! तेथे तर जमिनीचे मोल इतके चढले आहे की, भावंडांचा वाटा विकत घेऊन मळा घरात राखणे अनेकांस जड जाते.

पण याहून मोठा प्रश्न हवेचा आहे. बर्गंडीतील बोन गावाच्या तोडणीच्या तारखा १३५४ पासून जुळवता आल्या आहेत. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीने २८ सप्टेंबरला सुरू होई. १९८८ ते २०१८ या काळात ती तेरा दिवस आधी आली. उन्हाळे तापू लागले, पण वसंतातले हिम संपले नाही. वेल लवकर फुटतात, म्हणून धोका उलट कायमच राहिला.

आजोबांनी लावलेले वेल नातवाला वाट्याने मिळतात; आजोबांच्या वेळची हवा मात्र कोणत्याही वाटणीपत्रात लिहून देता येत नाही. ती राखावयाची तर एका घराचे काम नाही, सर्वांचेच आहे.