महाविद्यालयीन फुटबॉल प्रशिक्षक

महाविद्यालयीन फुटबॉल प्रशिक्षक म्हणजे महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाची निवड, सराव आणि डावपेच यांची जबाबदारी सांभाळणारी व्यक्ती होय. महाराष्ट्रातील बहुतेक अनुदानित महाविद्यालयांत या नावाचे स्वतंत्र पद नसते. हे काम शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाकडे असते. त्यामुळे विस्कळीत झालेल्या संघाची पुनर्बांधणी प्रामुख्याने या एका पदाच्या भरतीवर अवलंबून राहते.

पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार या पदासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह आवश्यक असते. त्यासोबत नेट, सेट किंवा पीएच.डी. आणि स्पर्धांतील सहभागाची नोंद लागते. शारीरिक क्षमता चाचणीही द्यावी लागते. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवारास १२ मिनिटांत १८०० मीटर, तर महिला उमेदवारास ८ मिनिटांत १००० मीटर अंतर पार करावे लागते. फुटबॉलचे विशेष प्रशिक्षण मात्र बंधनकारक नसते. ते पतियाळा येथील १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत किंवा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवाना अभ्यासक्रमांतून घेता येते.

नेमणूक

वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणची महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. अनुदानित पदाचे वेतन शासन देत असल्याने भरतीपूर्वी शासनाची परवानगी घ्यावी लागते. त्यानंतर बिंदुनामावलीची तपासणी, जाहिरात, निवड समितीची मुलाखत आणि विद्यापीठाची मान्यता हे टप्पे येतात. पद रिक्त असल्यास क्रीडा विभागाचा कार्यभार अन्य विषयाच्या प्राध्यापकाकडे सोपवला जातो किंवा मानधनावर व्यक्ती नेमली जाते.

पुनर्बांधणीतील अडचणी

तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमामुळे संघातील अनुभवी खेळाडू दरवर्षी बाहेर पडतात. पद दोन-तीन वर्षे रिक्त राहिले, तर नवोदितांना शिकवणारी खेळाडूंची फळीच उरत नाही. कबड्डी, खो-खो, क्रिकेट हे खेळही त्याच संचालकाकडे असल्याने फुटबॉलच्या वाट्याला मर्यादित वेळ येतो. वऱ्हाडातील काळ्या मातीची मैदाने पावसाळ्यात चिखलमय होतात, त्यामुळे सरावाचे दिवसही घटतात. अशा स्थितीत नव्या संचालकाला कनिष्ठ महाविद्यालयातील खेळाडू हेरून पुढील वर्षांचा संघ घडवावा लागतो.

अमेरिकेतील उदाहरण

अमेरिकेत महाविद्यालयीन ‘फुटबॉल’ म्हणजे अमेरिकन फुटबॉल हा वेगळा खेळ असून त्याचा प्रशिक्षक पूर्णवेळ असतो. कॅन्सस स्टेट विद्यापीठाने १९८८ च्या अखेरीस बिल स्नायडर यांची नेमणूक केली, तेव्हा संघ सलग २७ सामन्यांत विजयाविना होता. १९८९ च्या पहिल्या हंगामात त्यांना ११ पैकी एकच सामना जिंकता आला. तरीही विद्यापीठाने त्यांना कायम ठेवले. १९९३ मध्ये संघाने ९ विजय मिळवले आणि १९९८ च्या नियमित हंगामातील सर्व ११ सामने जिंकले. योग्य निवडीइतकेच नेमणुकीतील सातत्यही संघाच्या उभारणीस आवश्यक असते, हे या उदाहरणातून दिसते.