सेट ऐकू येतो, मग पॉवर कुठे अडते?

हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटेक्स या एसएसबी ट्रान्सीव्हरच्या आराखड्याने भारतातल्या अनेक हॅम, म्हणजे हौशी रेडिओ, मंडळींच्या हाती सोल्डरिंग आयर्न दिले. मूळ आराखडा १४ मेगाहर्ट्झवर ६ वॅटचा; ७ मेगाहर्ट्झसाठीही तो पुष्कळांनी बांधला. शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे फायनलला, आयआरएफ५१० हा स्वस्त मॉसफेट. असा सेट घरी बांधला, की रिसीव्हर छान बोलतो, पण ट्रान्समीटर एक-दोन वॅटवरच अडतो, ही तक्रार नेहमीची. अशा वेळी भाग बदलत सुटण्याआधी मोजमाप करा. दोष कुठे आहे ते आकडेच सांगतात.

गैरसमज १ : मीटर कमी दाखवतो, म्हणजे पॉवर कमीच आहे.

वस्तुस्थिती : एसएसबीमध्ये कॅरियर दाबलेला असतो. माइकसमोर कोणी बोलत नसेल तर पॉवर जवळजवळ शून्यच असायला हवी. बोलताना ती सारखी चढते-उतरते, त्यामुळे सरासरी दाखवणारा मीटर शिखरापर्यंत पोचत नाही. साध्या मल्टिमीटरची एसी रेंज तर ७ मेगाहर्ट्झला कामाचीच नाही.

खात्रीचा उपाय घरीच करता येतो. १ किलोओहम, १ वॅटचे २० मेटल फिल्म रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा डमी लोड तयार होतो. वायरवाउंड रेझिस्टर वापरू नका. आरएफसाठी ते कॉइलच ठरतात. लोडवर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा व कपॅसिटरवरचे डीसी व्होल्टेज मोजा. माइकमध्ये सलग शिट्टी वाजवली की आकडा स्थिरावतो. त्यात डायोडचे ०.६ व्होल्ट मिळवा, बेरजेचा वर्ग करा आणि १०० ने भागा. मीटरवर २६ व्होल्ट आले, तर पॉवर साधारण ७ वॅट.

गैरसमज २ : पॉवर नाही, म्हणजे फायनल उडाला.

वस्तुस्थिती : काढण्याआधी फायनलचा करंट पाहा. त्याच्या सप्लायच्या वायरमध्ये अँमीटर घाला, माइकचे पीटीटी बटण दाबा आणि गप्प राहा. साधारण १०० मिलिअँपिअर दिसले, तर बायस ठीक आहे. आता शिट्टी वाजवा. करंट हललाच नाही, तर फायनलच्या गेटपर्यंत सिग्नल पोचत नाही. मागे ड्रायव्हर, मिक्सर, माइक असे तपासत जा. करंट एक अँपिअरच्या वर गेला आणि तरीही लोडवर दोनच वॅट आले, तर मॉसफेट मेहनत करतो आहे. त्याचे काम पुढे, बहुधा लो-पास फिल्टरमध्ये, वाया जाते आहे.

गैरसमज ३ : बायस वाढवला की पॉवर वाढते.

वस्तुस्थिती : बायस आवाज स्वच्छ राहावा म्हणून असतो. आयआरएफ५१० दोन ते चार व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी वाहू लागतो आणि प्रत्येक नगाचा आकडा वेगळा. म्हणून बायसचा प्रीसेट आधी पूर्ण कमी करा आणि करंटवर नजर ठेवून हळूहळू फिरवा. ठरल्यापेक्षा जास्त बायस दिला तर मुख्यतः उष्णता वाढते. मॉसफेटची धातूची पाठ ड्रेनला जोडलेली असते. हीटसिंक कॅबिनेटला टेकत असेल तर मध्ये अभ्रकाची चकती हवीच.

गैरसमज ४ : फिल्टरमधल्या टोरॉइडचे एक-दोन वेढे कमी-जास्त झाले तरी चालतात.

वस्तुस्थिती : इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. टी५०-२ या लाल कोअरवर १६ वेढ्यांनी सुमारे १.२५ मायक्रोहेन्री मिळते, १८ वेढ्यांनी १.६. इतक्या फरकाने फिल्टर आपल्याच सिग्नलला अडवू लागतो. मोजताना कोअरच्या भोकातून तार जितक्या वेळा गेली तितके वेढे धरा. बाहेरून मोजले तर एकाने चूक होते.

फिल्टरमध्ये पॉवर अडण्याचे दुसरे कारण तारेच्या इनॅमलचे. ते नीट खरवडले नाही, तर वरून चकचकीत दिसणारा जोडही आत कोरडाच राहतो. सेट बंद करून फिल्टरच्या सुरुवातीपासून अँटेना सॉकेटपर्यंत ओहम मोजा. जवळजवळ शून्य यायला हवेत.

गैरसमज ५ : अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहेत, म्हणजे सेटलाही तेवढेच मिळतात.

वस्तुस्थिती : करंट वाढला की बारीक वायर आणि सैल पिन व्होल्टेज खातात. म्हणून शिट्टी वाजत असतानाच, थेट बोर्डवर मोजा. कमाल पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते: १३.८ व्होल्टचे ११ झाले, तर ती जवळपास दोन तृतीयांशावर येते.

गैरसमज ६ : ५ वॅट निघाले आणि ७ निघाले नाहीत, म्हणजे सेट फसला.

वस्तुस्थिती : हा फरक दीड डेसिबलचा. एक एस-युनिट ६ डेसिबलचे धरतात, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर पाव युनिटही फरक पडत नाही. तेवढ्यासाठी सेट ताणून आवाज फाटू देऊ नका. शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांना त्याचा त्रास होतो.

हे सगळे डमी लोडवर करा. अँटेना जोडून प्रक्षेपण करायला परवाना लागतो, आणि परवाना असला तरी चाचणीच्या शिट्ट्यांनी बँड अडवू नये. सेट नीट चालू लागला की बोर्डवरचे व्होल्टेज, गप्प असतानाचा करंट, शिट्टीचा करंट आणि लोडवरची पॉवर हे चार आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढे कधी पॉवर घसरली, तर त्यातला कोणता आकडा बदलला हे पाहूनच शोध सुरू करता येतो.